घरचं माणूस

"घरी सेवा घेतल्याचे नव्वद दिवस झाले खरे, पण त्यातला एकही धरता येणार नाही," विमा कंपनीची बाई फोनवर शांतपणे म्हणाली. "तुम्ही त्यांची मुलगी ना? घरच्या माणसाने केलेलं मोजत नाही. लायसन्सवाल्या एजन्सीची बाई ठेवा. तिचे नव्वद दिवस भरले की मग आमचे पैसे सुरू."

मृणालिनीने पॉलिसीचा कागद उघडला; तसं कलम होतं खरं. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा अमेरिकेतल्या त्यांच्या हर्नडन गावातल्याच, घरी सेवेला बायका पाठवणाऱ्या एका एजन्सीची बाई दारात आली होती. मृणालिनीने तिला गोड बोलून परत पाठवलं. परकी बाई आपल्या आईला आंघोळ घालणार? मग मी कशाला आहे? ऑफिसातून तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून तिने सगळं स्वतः केलं. आंघोळ, डायपर, भरवणं. आईही हल्ली प्रत्येक घासाला थँक्यू म्हणायची. दुखण्याने आई मऊ झाली, असं मृणालिनीला वाटे.

आता रजा सोमवारी संपत होती. खिशातून बाई ठेवायची ऐपत नव्हती आणि नोकरी सोडली तर घर जाणार. कागद वाचायचा सोडून माया करत बसलो, आता भोगा! तिला रडूही येईना.

"पॉलिसी आईंच्या नावावर आहे. त्यांच्याशी बोलू द्या," फोनवरची बाई म्हणाली.

मृणालिनीने स्पीकर लावून फोन आईसमोर धरला.

"शोभनाजी, तुमची काळजी कोण घेतं?"

आईने मृणालिनीकडे नीट पाहिलं. तीस वर्षं अमेरिकेत डॉक्टरकी केलेली आई खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "एक बाई येते. कामाला चोख आहे. मुलीला कुठला वेळ? ती ऑफिसात असते."

मृणालिनीने घाईघाईने फोन बंद केला. जन्मात कधी खोटं न बोललेली आई लेकीसाठी चक्क विमा कंपनीला थाप मारत होती! हसू आणि रडू एकदमच फुटलं. तिने आईला घट्ट मिठी मारली.

"आई, काय बेमालूम ॲक्टिंग केलीस गं!"

आईने अंग चोरलं. मग तिचा हात हळूच थोपटत म्हणाली, "बाई, तुम्ही फार माया लावता. पण मला असं आई म्हणू नका हं. आमची मृणालिनी आली आणि तिने ऐकलं, तर तिला वाईट वाटेल."