उंबरवहाळची गुहा

"कुठं सापडलं हे?" प्रोफेसर मोघ्यांनी भिंगावरून डोळा न काढताच विचारलं.

"उंबरवहाळला, सर. आमच्या मुळशीकडं," भिवाजी म्हणाला.

टेबलावर ओल्या शेवाळात गुंडाळलेलं रोप. एकच पान, तळहाताएवढं, मऊ लव असलेलं. पानाच्या देठातूनच निघालेलं फिकट जांभळं फूल, घशात पिवळा ठिपका. आणि हे म्हणे गुहेच्या छताला उलटं लटकून फुलतं! मोघ्यांनी पाकळी चिरली, केसर तपासले, कपाटातले जाडजूड ग्रंथ काढून पुन्हा पुन्हा चाळले. असलं फूल कुठल्याच पुस्तकात नव्हतं, बरं का.

भिवाजी त्यांच्याच हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. दोन वर्षांपूर्वी त्यानं असंच एक नवं फूल आणलं होतं. ते काढताना त्याची बहीण पारू कड्यावरून घसरली, पाय कायमचा अधू झाला. फुलाला तिचं नाव द्यावं एवढंच भिवाजीनं मागितलं होतं. मोघ्यांनी दिलं आपल्या सासऱ्यांचं! वर छापून काय आलं, तर 'मी स्वतः जीव धोक्यात घालून कडा उतरलो.' भिवाजीचं नाव शेवटच्या आभारातसुद्धा नव्हतं.

पारूनं ते वाचून घेतलं तेव्हा ती रडली नाही की काही नाही. एवढंच म्हणाली, "भिवा, तुजा सर येकदा तरी हितं आला पायजे. मला बघायचाय त्यो."

आणि आता हा पठ्ठ्या नवं फूल घेऊन पुन्हा त्याच माणसाकडं! सगळी लॅब म्हणत होती, याचं डोकं फिरलंय.

"गुहा नेमकी कुठं?" मोघ्यांनी कागद पुढं ओढला.

"गावच्या देवळामागं, सर. मोठ्या उंबराला वळसा घालायचा, वहाळ ओलांडला की समोरच."

"गावात कोणाला विचारता येईल?"

"आता कोणी नाही सर तिथं. सगळे कधीच उठून गेले."

"का रे?"

"पाण्यापायी."

मोघ्यांनी मान डोलावली. डोंगरातल्या गावांचे पाण्यासाठी काय हाल होतात ते त्यांना ऐकून माहीत होतं.

"आणि वाट?"

"वाट राहिली नाही, सर."

"छान," मोघे म्हणाले. त्यांना नेमकं हेच हवं होतं. दुसरं कोणी तडमडायला नको.

तरी माणूस कच्चा नव्हता हं. भिवाजी गेल्यावर ते डिपार्टमेंटच्या भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. इंग्रज सर्वेयरांनी काढलेला, कापडावर चिकटवलेला, कडेनं कसरीनं खाल्लेला. त्यावर बोट फिरवत गेले. उंबरवहाळ होतं! देवळाची खूणसुद्धा होती.

मग काय! नव्या झाडाचं वर्णन लॅटिनमध्ये लिहावं लागतं, ते मोघ्यांनी झकास लिहिलं. फुलाला बायकोचं नाव दिलं. शोधणारे मोघे, गोळा करणारे मोघे. पेपरात फोटो आला. सत्काराच्या भाषणात तर ते सुटलेच.

"उंबरवहाळच्या गुहेत मी तीनदा उतरलो. एका रात्री त्या ओसाड देवळाच्या ओट्यावर एकटा झोपलो होतो. बिबट्या येऊन हुंगून गेला!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. भिवाजीसुद्धा वाजवत होता, अगदी हात लाल होईस्तोवर.

पुढच्या श्रावणात कलकत्त्याहून वनस्पतिशास्त्रातले एक मोठे साहेब आले. म्हणाले, "फूल नवंच आहे, शंका नाही. पण मला ते गुहेत जिवंत बघायचंय."

मोघे जरा चुळबुळले. "पावसात फार अवघड आहे हो. निसरडं..."

"तुम्ही तर तीनदा गेलात!"

सगळे हसले. मोघ्यांनाही हसावं लागलं. तेवढ्यात भिवाजी अदबीनं पुढं झाला.

"सर, मी करतो सोय. पायी चालावंच लागणार नाही."

मोघ्यांनी पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "या पोराचा मला फार आधार आहे," ते साहेबांना म्हणाले.

गाडी पौडावरून मुळशीला आली. सोबत पेपरवाला, गळ्यात कॅमेरा. धरण काठोकाठ भरलेलं, वर बारीक भुरभुर. काठाला होडी तयारच होती.

"हे माझे वडील, कुशाबा. ही बहीण, पारू."

पारू लंगडत येऊन पुढच्या टोकाला बसली, मोघ्यांच्या अगदी समोर. मोघ्यांनी नाव ऐकलं आणि सोडून दिलं.

होडी निघाली. काठ मागं पडला तसे मोघे खुलले. पलीकडच्या डोंगराकडं बोट दाखवून साहेबांना म्हणाले, "तिथं लागलं की थोडी चढण. डोळे मिटून नेतो तुम्हाला. इथला दगडन् दगड माझ्या पायाखालचा आहे."

"व्हय का?" पारू म्हणाली.

"अगं, तुम्हा लोकांना काय ठाऊक? गुहा अशा हुडकाव्या लागतात."

"खरं हाय, सायेब."

 कुशाबा नुसता वल्हवत होता आणि मधूनच दोन्हीकडचे सुळके बघून अंदाज घेत होता. ऐन मधोमध, दोन्ही काठ सारखेच लांब दिसायला लागले तिथं, त्यानं वल्ही आत ओढून घेतली. खाली पाण्याकडं बघून हात जोडले.

"का थांबलास?" मोघ्यांनी विचारलं.

पारू बाजूला सरकली. मोघ्यांना उठायला जागा करून दिली.

"आलं उंबरवहाळ. ह्ये खाली देऊळ. उतरा की, सायेब, तुमी तर तीनदा येऊन ऱ्हायलाय."