पुन्हा लाव

काठी गावातलं घर बंद करून फुलीबाई नंदुरबारला मुलाकडे राहायला आली, त्याला आता वर्ष होत आलं होतं. जगदीश कॉलेजात शिकवायचा. घरात सगळ्यांचं बोलणं मराठीतच चाले. एका रविवारी नात रिनाने मोबाइलवर रॅप लावलं. अक्कलकुव्याकडचा कुणी पोरगा ढोलाच्या ठेक्यावर धडाधड भिलीत बोलत होता. रिना नुसतीच मान डोलवत होती. फुलीबाई मात्र मध्येच खळखळून हसली.

"पुन्हा लाव," ती मोडक्या मराठीत म्हणाली. मग दुपारभर तेच चाललं.

शेवटी जगदीश वैतागला. "आई, होळीला रात्रभर गाणारी तू, आणि हे काय ऐकतेस? याला चाल नाही की सूर नाही. पुढच्या वर्षी कुणाला आठवणारसुद्धा नाही."

"गाणं म्हणून कुठं ऐकते रे मी?" फुलीबाई भिलीत म्हणाली. "या घरात माझ्याशी माझ्या बोलीत तेवढाच बोलतो."

जगदीश तिच्याजवळ बसत हळूच म्हणाला, "असं काय बोलतेस, आई?"

तेही मराठीतच.