चिंचेची दुसरी बाजू

कुदळीचा पहिला घाव बसला तेव्हा आई रोपांना पाणी घालत होती. झारी तिथेच टाकून ती तरातरा कुंपणापाशी आली.

नर्सरीच्या कुंपणाला लागून एक रानटी चिंच होती. शेळ्यांनी वर्षानुवर्षं शेंडे खाऊन तिला कमरेच्या वर जाऊच दिलं नव्हतं, पण खोड मांडीएवढं जाड. बोन्सायसाठी असं झाड नशिबानेच मिळतं. सहा वर्षं आई त्या झाडावर लक्ष ठेवून होती आणि आज तिचा मुलगाच ते खणत होता. शेजारी नव्या हॉटेलचा मॅनेजर उभा होता, हातात निळी उथळ कुंडी घेऊन.

“हे काय चाललंय?”

“आई, पंधरा दिवसांनी यांच्या हॉटेलचं उद्घाटन आहे. दारात ही चिंच ठेवायची. ही दिली की आतली बारा झाडंही आपल्याकडूनच घेणार आहेत. मी शब्द दिलाय.”

आईने निळ्या कुंडीकडे पाहिलं. “उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!”

मॅनेजरला टोमणा कळला, तरी तो हसला.

“पानांनी गच्च भरलंय झाड,” आई म्हणाली. “आता उपटायचं?”

“अगं, गेल्याच आठवड्यात आपण नऊ बोन्साय कुंडीतून काढली, मुळं छाटली, परत लावली. एक तरी मेलं का?”

“ती कुंडीतली रे! ती म्हणजे भाड्याच्या घरातली बिऱ्हाडं. दर दोन वर्षांनी सामान बांधायची सवय असते त्यांना. ही बया जन्मात कधी जागची हललेली नाही. हिची मुळं कुठवर गेलीत ते तिलाच ठाऊक.”

“पण अर्ध्या बाजूची मुळं तूच तोडलीस की यंदा!”

“तेव्हा फांद्यांवरचे डोळे नुसते फुगले होते, पान फुटलं नव्हतं. आणि अर्धीच का तोडली? तिकडे केसांसारखी नवी मुळं धरेपर्यंत या बाजूने हिला पोट भरता यावं म्हणून. तू नेमका हीच बाजू तोडायला निघालायस. मग हिने जगायचं कशावर?”

“बाई,” मॅनेजर मध्ये बोलला, “झाडाला काय कळतंय महिना कुठला ते?”

“झाडालाच कळतं. कॅलेंडर आपल्याला लागतं.”

मुलाचा पारा चढला. गिऱ्हाइकासमोर आईने असं बोलावं, हे त्याला फार लागलं. “नर्सरी आता मी चालवतो,” तो म्हणाला. “पाटीवर माझं नाव आहे.” आणि त्याने कुदळ उचलली.

कुदळ वर असतानाच आईने चप्पल काढली आणि उघडा पाय बरोबर घावाच्या जागी ठेवला.

“मार.”

“आई, बाजूला हो.”

“स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतोयस, ते काही तुला दिसत नाही. माझ्या पायावर मार, म्हणजे दिसेल.”

कुदळ तशीच वर राहिली. मुलाचे हात भरून आले. शेवटी त्याने ती बाजूला टाकून दिली.

आईने चिंचेची एक डहाळी मोडली आणि मॅनेजरच्या निळ्या कुंडीत ठेवली. “ही ठेवा दारात. संध्याकाळी बघा कशी दिसते ते. उद्घाटनाला तुमच्या पाहुण्यांसमोर अख्खं झाड तसंच दिसलं असतं.”

“मग आम्ही दुसरी नर्सरी बघू. बारा झाडंही तिथूनच घेऊ.”

“खुशाल बघा! प्लॅस्टिकचीही मिळतात. त्यांना कुठलाही महिना चालतो.”

मॅनेजरची गाडी गेली. मुलगा मटकन खाली बसला. “दोन महिने त्याच्या मागे फिरत होतो मी. तोंडचा घास घालवलास.”

“घालवला,” आई म्हणाली. समजूत काढत बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

“मग हे झाड काढणार तरी कधी? का नुसतीच पूजा करायची त्याची?”

आईने त्याचं बोट धरलं आणि पानाच्या बेचक्यात टेकवलं. “इथे. पानगळ झाली की डोळा इथे मोहरीएवढा फुगतो. पुढच्या वर्षी तसा बोटाला लागला की ही बाजू तोडायची. त्याच्या पुढच्या वर्षी परत असाच लागला, की झाड काढायचं. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही.”

“आणि तेव्हा तू नसलीस तर?”

“नसले तर नसले! बोट कुणाचं आहे हे? माझं?”

आईने त्याचं बोट सोडलं आणि चप्पल पायात सरकवली.

“खड्डा तू केलायस, तूच बुजव. आणि नीट दाब, आत हवा राहिली तर मुळं सुकतील.”

ती झारी उचलायला निघून गेली. मुलाने पुटपुटत माती लोटली. मग इकडेतिकडे पाहून त्याने आपली चप्पल काढली, आणि आईचा पाय होता तिथे आपला पाय ठेवला.