ठेवायला दिलेलं चिलखत

"दोनच दिवस जायचंय, तर सर्टिफिकेटं शेजारी कशाला ठेवायची?" अंजली माझ्या दारातच पुटपुटली. उत्तमरावांनी बायकोचं न ऐकल्यासारखं करून प्लास्टिकची फाईल माझ्या हातात दिली. डिग्री, मार्कशीटं, जन्मदाखले. आमच्यासारख्यांचं सगळं राज्य अशाच एका फाईलमध्ये असतं. कंपनीचे दोन मालक भांडत होते आणि उत्तमराव दोघांच्या मध्ये. आता परदेशातल्या थोरल्या मालकाने बोलावलं होतं, ओरिजिनल कागदांसकट. "झेरॉक्स नेतो, विसरलो म्हणेन," ते हसत म्हणाले. मीही हसले आणि चहा टाकला. गेल्या महिन्यात असंच बोलावणं आलेल्या, त्यांच्याच कंपनीतल्या नायरांचा विषय कोणीच काढला नाही. चहा होईतो उत्तमरावांची मुलगी सुजाता मला शाळेतलं भाषण म्हणून दाखवायला लागली. अरबांच्या एका जुन्या घराण्याचा शेवटचा राजा. एकीकडे रोम, दुसरीकडे इराण. घराण्याने पिढ्यान्पिढ्या इराणची सीमा राखली, तरी इराणच्या बादशहाने एक दिवस त्याला बोलावून घेतलं. "जाण्याआधी राजाने आपली चिलखतं विश्वासातल्या एका टोळीकडे ठेवायला दिली." एवढं बोलून ती थांबली. तिची नजर माझ्या मांडीवरच्या फाईलवर होती. "मग पुढे?" उत्तमरावांनी विचारलं. "पुढचं स्किप करते, ला," सुजाता इथल्या मुलांसारखं शेवटी 'ला' जोडत म्हणाली. अंजलीने कप खाली ठेवला. "राजा परत आला नाही, हो ना गं?" मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, नायरही आले नाहीत. तुम्ही जाऊ नका."