शांताबाईंचे बांगडे

दोष दुसऱ्यावर ठेवणे सोपे असते; तो मुकाट्याने स्वतःकडे घेणारी माणसे विरळा.

मनूला नुसते खरचटले तरी रक्त थांबत नसे. त्याचा आजार कळला त्या दिवसापासून त्याच्या आजीने, शांताबाईंनी, मासे सोडले होते. सून सीमा तो आपल्यावरचा राग समजे. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. परळच्या इस्पितळात दोघी डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या.

“पेशीत जनुकांचे काही तुकडे जागा बदलतात. मनूच्या रक्त गोठवणाऱ्या जनुकात तसा एक शिरला आहे. तो आईत नाही, वडिलांतही नाही. मनूची इंजेक्शनं चालू राहतील. या बाळाला मात्र धोका जवळजवळ नाही.”

सीमा सासूकडे वळली. “आई, तुम्हाला वाटायचं ना, माझ्या माहेरचं आहे?”

“तुझ्या माहेरचं? अगो, गावच्या देवीचा नवस फेडायचा मीच विसरले होते. म्हणून तर मासे सोडले! मेल्या तुकड्याला अख्ख्या मुंबईत दुसरी जागा मिळाली नाही?”

हसता हसता त्यांनी मुलाला फोन लावला. “दौलत, येताना बांगडे आण. पाहुणे कसले? मीच खाणार!”

पुढे अशाच पंक्तीला बसणारे बाळही सुखरूप येवो.