मावशींनी आवरलेलं घर

टेबलावर खेळण्यातलं घर मांडलं होतं आणि मावशींच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"व्हेअर आर द शूज?" परीक्षक बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. त्यांचा आवाज मऊ होता. शेजारी बसलेले टायवाले साहेब मात्र घड्याळाकडे बघत होते.

बोटाच्या पेराएवढे ते बूट मावशींना स्पष्ट दिसत होते. त्या घरातल्या शिक्षकांच्या टेबलावर, अगदी मधोमध. मराठीत विचारलं असतं तर त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण इंग्रजीची तऱ्हाच उलटी. आपण आधी शिक्षक बघतो, मग टेबल, मग त्याच्या वर काय ते. इंग्रजीत आधीच वर चढून बसायचं आणि मग खाली कुणाचं काय आहे ते बघायचं. त्यात एका वस्तूचे मालक चारचौघे असले की मावशींचा पुरता गोंधळ उडायचा.

वसतिगृहातली मुलं नाना ठिकाणची, नाना भाषांची. त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं लागे, म्हणून वॉर्डनच्या जागेसाठी ही तोंडी परीक्षा होती. मावशी तिथं चादरी बदलण्याचं आणि केर काढण्याचं काम करायच्या. याआधी दोनदा त्या नापास झाल्या होत्या आणि पुढच्या वर्षी वय उलटत होतं. आज नाही तर कधीच नाही.

तयारी लेकीनं करून घेतली होती. ती बिचारी घरातल्या वस्तू मुद्दाम भलत्याच जागी ठेवायची, आणि ती प्रश्न विचारेपर्यंत मावशी त्या जागच्या जागी लावून मोकळ्या झालेल्या असायच्या. "अगं आई, आता मी विचारू काय, कपाळ?" असं म्हणून लेक हात टेकायची. त्यामुळे मावशींना इंग्रजी येत होतं ते फक्त आवरलेल्या घराचं.

आणि समोरच्या या घरात तर नुसता उकिरडा होता. शिक्षकांच्या टेबलावर बूट, मुलींच्या पलंगाखाली किटली, आचाऱ्यांच्या पातेल्यात टॉवेल. मावशींना ते बघवेना. त्यांनी हात पुढे केला, चिमटीत बूट उचलले आणि मुलांच्या पलंगाखाली जोडीनं लावले.

"अंडर द बॉइज बेड," त्या म्हणाल्या. एकदम सुटल्यासारखं वाटलं त्यांना.

परीक्षक बाई बघतच राहिल्या. "अँड द केटल?" त्यांनी विचारलं.

किटली उचलून स्वयंपाकघरात गेली. "ऑन द कुक्स स्टोव्ह." टॉवेलही झटकून मुलींच्या दोरीवर गेला. "ऑन द गर्ल्स रोप." आता मावशींची भीड चेपली होती.

"थांबा, थांबा," टायवाले साहेब म्हणाले. "बाई, आम्ही मांडलेल्या घरावर प्रश्न आहे. तुम्ही आवरलेल्या नाही. आधी होतं तसं ठेवा सगळं."

"होतं तसं?"

"होतं तसं. आणि मग उत्तर द्या."

आवरलेलं घर पुन्हा विस्कटायचं हे मावशींनी जन्मात केलं नव्हतं. पण साहेबांनी सांगितलं म्हटल्यावर करणं भाग होतं. त्यांनी बूट उचलले, टेबलापर्यंत नेले आणि ठेवता ठेवता त्यांचं डोकंच फिरलं. कोण वाह्यात पोरं आहेत ही? ती पोरं जणू समोर ओळीनं उभीच राहिली, आणि पोरांना रागवायचं तर ते त्यांना कळेल अशाच भाषेत.

"शूज ऑन द टीचर्स टेबल?" मावशी कडाडल्या. "हू डिड धिस?"

साहेबांनी दचकून टेबलावरचा कोपर काढला.

"केटल अंडर द गर्ल्स बेड. व्हाय? गर्ल्स आर ड्रिंकिंग टी इन स्लीप?" किटली पलंगाखाली आपटली गेली. "अँड टॉवेल. वेट टॉवेल. इन द कुक्स पॉट." टॉवेल दोन बोटांत धरून त्यांनी तो अख्ख्या ओळीला दाखवला. "ओके. टुमॉरो नो प्लेट्स. टुमॉरो ऑल ऑफ यू, ब्रेकफास्ट फ्रॉम द कॅट्स प्लेट."

मग त्यांना खोली आठवली, परीक्षा आठवली. त्यांनी जीभ चावली आणि टॉवेल मुकाट्यानं पातेल्यात ठेवला. गेलं, त्यांना वाटलं. सगळं हातानं घालवलं.

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. हसू आवरताना त्यांचे डोळे भरून आले होते. "मांजरांच्या ताटलीतून," त्या साहेबांना म्हणाल्या, "हे तर आपण विचारलेलंही नव्हतं."

कागदांवर ठेवलेला स्वतःचा चहाचा कप साहेबांनी हळूच उचलला, आणि कुठे ठेवावा ते न सुचून हातातच धरून ठेवला.

"मावशी," बाई म्हणाल्या, "वॉर्डनच्या खोलीची किल्ली जाताना ऑफिसातून घेऊन जा. सोमवारपासून ती खोली तुमची."

मावशींना आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा छाती अशी भरून आली की त्यांना खुर्चीची पाठ धरावी लागली. त्यांनी पदरानं डोळे पुसले, बाईंना नमस्कार केला, साहेबांनाही केला आणि दारापर्यंत गेल्या.

तिथून त्या परत फिरल्या.

"पास झालेच आहे," टेबलाकडे बोट करत त्या म्हणाल्या, "तर आता आवरू का?"