पावण्यास्नी संध्याकाळच पायजे

“संध्याकाळी? आजोबा, सकाळचं ठेवा की!” संयोगिता दारातच थबकली.

“पावण्यास्नी संध्याकाळच पायजे.” हंबीरराव पानाला चुना लावत म्हणाले. “मुलगा बंगळुरात हाय. आधी त्याची आत्या बघून जाणार. दिवेलागणीला येत्यात.”

दिवेलागणी म्हणजे तिची सगळ्यात वाईट वेळ. सकाळी ती कोडोलीच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तरातरा घरी यायची. दुपार कलली की उजवं पाऊल आत वळायला लागायचं, बोटं आकसायची, आणि दिवे लागेपर्यंत भिंत धरून चालायची वेळ यायची. रात्रीची झोप झाली की पाय पुन्हा सरळ. शाळेत असल्यापासून हे असंच चाललं होतं. गावाला मात्र ‘लहानपणी मुरगळलाय’ एवढंच माहीत होतं.

बीएस्सीला असताना तिनं स्वतःवरच पडताळून पाहिलं होतं. दिवसभर बसून राहिलं तरी संध्याकाळी पाय वळतोच. दुपारी झोपलं तर थोडा वेळ सुधारतो. हे ती प्रत्येक डॉक्टरला सांगायची. एकानं मणक्याचा फोटो काढला, दुसऱ्यानं ताकदीच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यानं आजोबांना बाजूला घेतलं आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “सकाळी बरी, संध्याकाळी आजारी असं काही नसतं. मनाचं आहे.”

मग मोनावहिनीनं महिनाभर फोन करकरून एक नाव शोधून काढलं. “पुण्याहून एक डॉक्टर महिन्यातनं एकदा कोल्हापूरला येतात. असल्या दुर्मिळ दुखण्यांचंच बघतात. असाच पाय वळणाऱ्या एका पोरीला एवढ्याशा गोळीवर चालती केलीय म्हणे.”

संयोगिताला वाटलं, वहिनीला मिठीच मारावी. तिनं मारलीही.

पण आजोबांनी जेवणाचं ताट सरकवलं. “कोल्हापुरात दवाखान्याच्या बाकड्यावर अर्धी कोडोली भेटती! उद्या हिला कोण करून घेणार? न्हाय जायाचं.”

आणि आता हे स्थळ. मागचं स्थळ सकाळी पसंती देऊन गेलं होतं आणि विसरलेली छत्री न्यायला संध्याकाळी परतलं होतं. तेवढ्यावर मोडलं.

दुपारी जेवणं झाल्यावर ती गुपचूप आडवी झाली. थोडी झोप मिळाली असती तर पाय कसाबसा निभावला असता. डोळा लागतो न लागतो तोच आजोबा काठी आपटत आले.

“ऊठ. शेंगा फोडायच्या हायत.”

“आजच? आजोबा, सूड उगवताय का माझ्यावर?”

“व्हय, उगवतोय. फोड शेंगा.”

ते समोरच बसून राहिले. तिची मान जरा कलली की खाकरायचे. वहिनीकडं पाहिलं तर तीही नजर चुकवून चुलीकडं वळली.

दिवेलागणीला गाडी आली. पांढऱ्या केसांच्या, साध्या सुती साडीतल्या एक बाई उतरल्या. साखर मागायला आलेल्या शेजारच्या बयाबाईनं वाटी मांडीवर घेऊन तोवर ठाण मांडलंच होतं.

संयोगिता पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. पाहुण्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. त्यांची नजर पावलांवर होती.

“ट्रे राहू दे, बाळ. त्या दारापर्यंत चालून दाखवतेस?”

बयाबाई खूश झाली. “आमच्या टायमाला असंच बघायचे. चालवून!”

संयोगिता चालली. टाच उचलली गेली, पाऊल आत वळलं.

“आता उलटी ये. मागं मागं.”

“ही कसली वो तऱ्हा? तुमच्याकडं सुना मागं चालत्यात व्हय?” बयाबाईनं विचारलं.

“काही घरांत चालावं लागतं,” बाई हसून म्हणाल्या.

संयोगिता मागं चालत आली. नवल म्हणजे पाऊल बरंच सरळ पडलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी पोह्याचा एक चमचा तोंडात टाकला. “पत्रिका बघून कळवतो आम्ही.”

याचा अर्थ अख्ख्या गावाला पाठ होता. बयाबाई साखर न घेताच उठली. ही बातमी तिला गल्लीत सगळ्यांच्या आधी पोचवायची होती.

बाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी संयोगिताला शेजारी बसवलं. “सकाळी कशी असतेस गं?”

आजवर तीच हे लोकांना सांगत आली होती. आपणहून कुणीच विचारलं नव्हतं. स्थळ तर हातचं गेलंच होतं. तिनं आजोबांकडं न बघता सगळं सांगून टाकलं. शाळेतला वळलेला पाय, सकाळचा सरळ पाय, दुपारची झोप, मनाचं आहे म्हणणारा डॉक्टर, सगळं.

“तुम्हाला खोटं वाटेल.”

“नाही वाटत.”

लग्न मोडून जाणारी बाई, आणि तिच्याच पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं. आता कुठलं सासर मिळो न मिळो, आपलं खरं मानणारं एक माणूस या घरात येऊन गेलं, एवढं तिला पुरेसं होतं.

हंबीरराव उठले. आता आजोबांच्या तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून संयोगितानं मान खाली घातली. त्यांनी बाहेर डोकावून बयाबाई लांब गेल्याची खात्री केली, दार लावलं, कडी घातली. मग त्या बाईंसमोर येऊन उभे राहिले आणि जन्मात कुणापुढं न जोडलेले हात जोडले.

“आजोबा, याला बहुधा औषध आहे,” बाई म्हणाल्या. “पण पुढच्या वेळी तिला माझ्या दवाखान्यात आणा. दर वेळी मुलगी बघायला येणं मला जमायचं नाही.”